रोग गेला, पण जनावर सावरले का?

जनावरांच्या रोगावर कापड दुकानदाराने का लिहावे, असा प्रश्न काही वाचक बांधवांना पडेल. त्याचे उत्तर आमच्या खतावणीत आहे. पूर्णा हे रेल्वे जंक्शनचे गाव असले तरी येथील बाजारपेठ रेल्वेपेक्षा भोवतालच्या खेड्यांवर जास्त चालते. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढते ते सोयाबीन-कापसाची पट्टी, दुधाचे पैसे किंवा विकलेल्या गोऱ्ह्याची रक्कम घेऊन. पिकाचा पैसा हंगामात येतो. दूध आणि जनावर मात्र बारा महिने बाजाराला खेळता पैसा पुरवतात. तो आटला की पहिली उधारी कापडवाल्याची थकते, कारण माणूस किराणा बंद करू शकत नाही, कपडे पुढे ढकलू शकतो.

२०२२ साली हे सर्वांनी अनुभवले. ४ ऑगस्टला जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात लम्पी, म्हणजे गाठीचा चर्मरोग, आढळला आणि पाहता पाहता तो राज्यभर पसरला. सप्टेंबरात शासनाने संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर करून जनावरांचे बाजार, जत्रा, प्रदर्शने आणि वाहतूक बंद केली. त्या वर्षी पोळा ऑगस्टच्या अखेरीस होता. झुलीचे कापड, गोंडे, माटोट्या, घुंगरमाळा, कासरे, म्होरक्या हा सगळा माल वर्षातून एकदाच खपतो आणि तो तयार करणारे, विकणारे कितीतरी कारागीर आपले बांधव आहेत. त्यांचा हंगाम कोरडा गेला. देशभरात त्या वर्षी दीड लाखांहून अधिक गोवंश दगावला, असे सरकारी आकडे सांगतात.

परंतु माझ्या या लेखाचा विषय तो उद्रेक नाही, त्याच्यानंतरची गोष्ट आहे. बाजार उघडल्यावर आमच्या भागात एक नवी तक्रार सुरू झाली. लम्पीतून किंवा खुरकुतीतून उठलेले जनावर सौद्यात घ्यावे, अंगावर फक्त डाग दिसावेत, खाणे-पिणे बरे असावे, आणि महिना-दीड महिन्यात ते भलत्याच रोगाने जावे. कधी घटसर्प, कधी गोचीड ताप, कधी दगडी. घेणारा म्हणे, ऐब लपवून माल दिला. विकणारा म्हणे, लस खराब होती. कोणी नजर लागली म्हणे. दलालाच्या डोक्यावर दोन्हीकडून खापर. अशा भांडणांत बहुतेक वेळा कोणीच लबाड नसतो. विषाणू जाताना जनावराच्या शरीरातील पहारा मोडून जातो, ही गोष्ट दोन्ही बाजूंना ठाऊक नसते.

हा पहारा म्हणजे काय, ते आधी पाहू. शरीराची पहिली भिंत म्हणजे कातडी आणि तोंड, नाक, आतडे यांचे ओले अस्तर. ही भिंत शाबूत असेल तर बहुतेक जंतू बाहेरच राहतात. एखादा विषाणू आत शिरलाच तर ज्या पेशीत तो शिरतो ती पेशी एक रासायनिक निरोप सोडते. त्याला इंटरफेरॉन म्हणतात. हा निरोप पोहोचला की शेजारच्या पेशी आपली दारे बंद करू लागतात. ताप येतो, तोही याच लढाईचा भाग आहे. त्यानंतर रक्तातील पांढऱ्या पेशी कामाला लागतात. त्यांच्यातील एक जात जंतूला गिळते, दुसरी रोगट पेशी मारते, तिसरी त्या विशिष्ट जंतूवर नेमके बसणारे प्रतिद्रव्य तयार करते. या पेशींची ठाणी म्हणजे लसिका ग्रंथी. जनावराच्या खांद्याच्या पुढे हात लावला तर त्यातील एक सापडते. रोग हटल्यावर काही पेशी त्या जंतूची ओळख जपून ठेवतात. लस याच ओळखीवर चालते. रोगाशिवाय ओळख करून देणे, एवढेच लसीचे काम.

हे सगळे फुकट होत नाही. प्रतिद्रव्य हे प्रथिन आहे, पांढऱ्या पेशी रोज नव्या तयार व्हाव्या लागतात, तापात शरीर जळते. खुराक मिळाला नाही तर जनावर स्वतःचे मांस जाळून ही लढाई लढते. विलेल्या संकरित गायीचे तर आणखी कठीण. ती जेवढे खाते त्यापेक्षा जास्त कासेतून देते, म्हणून विण्याच्या आधी-नंतरच्या काही आठवड्यांत तिचा पहारा मुळातच ढिला असतो. त्याच वेळी विषाणू आला तर तिचे काय होणार, हे वेगळे सांगायला नको.

आता विषाणू हा पहारा कसा मोडतात ते पाहू. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे.

सर्वांत क्रूर होती बुळकांडी. आमच्या वडिलांच्या पिढीला हा शब्द ऐकूनच घाम फुटे. आज तरुण व्यापाऱ्यांना तो माहीतही नाही, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. बुळकांडीचा विषाणू थेट पांढऱ्या पेशींवरच हल्ला करी. ज्यांनी पकडायचे त्यांनाच तो आधी मारी. लसिका ग्रंथी, प्लीहा, आतड्याच्या अस्तरातील ठाणी रिकामी होत. शरीरात आधीपासून दबून असलेले दुसरे जंतू मग डोके वर काढत, आणि हगवणीने जनावर आठवड्या-दीड आठवड्यात कोसळे. माणसातील गोवर हा याच घराण्यातील रोग आहे. गोवर झालेले मूल नंतर निमोनियाने किंवा अतिसाराने का दगावते, याचेही कारण हेच. शेळ्या-मेंढ्यांतील पीपीआर याच घराण्याचा, आणि तो अजून आहे. शेळ्यांचा धंदा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

बुळकांडीच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा आहे. इंग्रज सरकारने या महामारीवर चौकशी आयोग नेमला आणि १८८९ मध्ये जनावरांच्या रोगांवर संशोधनासाठी पुण्यात प्रयोगशाळा उघडली. १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. तीच पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. १९२० च्या दशकात एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने मुक्तेश्वरला हा विषाणू शेळ्यांमध्ये वाढवून वाढवून त्याचा जोर कमी केला आणि त्याची लस केली. १९५४ मध्ये देशभर निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ सालचा. २०११ मध्ये हा रोग जगातूनच संपल्याचे जाहीर झाले. माणसाच्या देवीनंतर असा पूर्ण संपलेला हा दुसराच रोग. गावोगाव फिरून लस टोचणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत, पण मराठवाड्याच्या कोणत्याही दावणीला आज बैल उभा आहे त्यात त्यांचा हात आहे.

दुसरा लाळ्या खुरकूत. याचा विषाणू बुळकांडीसारखा पांढऱ्या पेशींचा सरसकट संहार करीत नाही. त्याची चाल चोराची आहे. पेशीत शिरताच तो तिचे प्रथिने बनवण्याचे काम बंद पाडतो, त्यामुळे शेजाऱ्यांना सावध करणारा इंटरफेरॉनचा निरोप निघतच नाही. शरीर जागे होईपर्यंत विषाणू रक्तात पसरलेला असतो. नंतर प्रतिद्रव्ये तयार होतात आणि मोठे जनावर सहसा मरत नाही. पण तोपर्यंत तोंड आणि खुरांची कातडी सोलून निघालेली असते, म्हणजे पहिली भिंत पडलेली असते, आणि तोंड भाजल्यामुळे आठ-दहा दिवस खाणे नसते. लहान वासरांत हा विषाणू हृदयाचे स्नायूच खातो आणि वासरू उभ्या उभ्या पडते. शिवाय बरे झालेल्या जनावराच्या घशात विषाणू महिनोन्‌महिने, कधी वर्षांवर, राहू शकतो.

या रोगाची आणखी एक अडचण अशी की त्याच्या विषाणूचे सात प्रकार आहेत. आपल्याकडे ओ, ए आणि एशिया-१ हे तीन चालतात. एकाची ओळख दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून ‘याला एकदा खुरकूत होऊन गेली आहे, आता भीती नाही’ हे बाजारातील बोलणे खोटे आहे. लसीचा असरही सुमारे सहा महिनेच टिकतो. यासाठीच सरकारी मोहिमेत ती वर्षातून दोनदा टोचतात. २०१९ पासून केंद्राच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत मिळते.

तिसरा लम्पी. हा देवीच्या घराण्यातील मोठा विषाणू. त्याच्याजवळ दीडशेच्या वर जनुके आहेत आणि त्यातील काही केवळ जनावराच्या पहाऱ्याला चकवण्यासाठी आहेत. पांढऱ्या पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप पाठवतात ते मध्येच पकडून ठेवणारी प्रथिने तो तयार करतो. इतकेच नव्हे तर लढाई संपल्यावर शरीर ‘आता शांत व्हा’ असा जो निरोप देते, त्याची नक्कल बनवण्याचे जनुकही त्याच्याजवळ असते. बाजारात खोटा शिक्का मारून माल खपवणारे पुष्कळ पाहिले, पण ही नक्कल त्या सर्वांवर ताण आहे. रोगाच्या भरात रक्तातील लढाऊ पांढऱ्या पेशींची संख्या घटते, लसिका ग्रंथी सुजतात आणि अंगावर उठलेल्या गाठी पिकून खड्डे पडतात. या प्रत्येक खड्ड्यातून जंतू आणि माशीच्या अळ्या आत जातात. भारतात हा रोग प्रथम २०१९ मध्ये ओडिशात दिसला. त्याच्याविरुद्ध आपल्याकडे शेळ्यांच्या देवीची लस वापरली जाते, कारण दोन्ही विषाणू सख्ख्या भावासारखे आहेत. माणसाला लम्पी होत नाही आणि उकळलेल्या दुधाला धोका नाही. २०२२ मध्ये अफवांनी गवळी बांधवांचे विनाकारण नुकसान केले, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता मघाच्या भांडणाकडे येऊ. घटसर्पाचे जंतू पुष्कळ निरोगी म्हशींच्या आणि गायींच्या घशात एरवीही असतात. पहारा मजबूत असतो तोवर ते गप्प बसतात. गोचीड तापातून उठलेल्या जनावराच्या रक्तात त्या रोगाचे परजीवी थोडेफार उरलेलेच असतात. कासेच्या सडांवर दगडीचे जंतू रोजच असतात. खुरकूत किंवा लम्पीने पहारा ढिला झाला, खाणे तुटले, वर पावसाळा आणि टेम्पोतला प्रवास झाला, की हे जुने पाहुणे एकदम घरमालक होतात. बाजारात घेतलेले जनावर ‘नव्या’ रोगाने मेले असे वाटते, प्रत्यक्षात तो रोग त्याने बरोबरच आणलेला असतो. विकणाऱ्यालाही तो दिसलेला नसतो.

एक विषाणू तर डोळ्यांना दिसतच नाही. गायींच्या विषाणूजन्य अतिसाराचा, म्हणजे बीव्हीडीचा, विषाणू गाभण गायीला पहिल्या चार महिन्यांत लागला तर पोटातील वासराचे शरीर त्याला आपलाच समजून बसते. त्याच्याशी ते कधी लढत नाही. असे वासरू जन्मभर विषाणू सांडत राहते आणि साऱ्या दावणीचा पहारा कमजोर करते. भारतातही तो सापडला आहे. कारण न कळता वासरे सतत आजारी पडत असतील तर रक्ततपासणी करून घ्यावी. परभणीला १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पूर्ण्याहून गाडीने तासाभराचाही रस्ता नाही.

वासरांचा विषय निघाला म्हणून चिकाबद्दल लिहितो. गायी-म्हशींत आईची प्रतिद्रव्ये नाळेतून पोटातील वासराला मिळत नाहीत. माणसाचे बाळ ती घेऊनच जन्मते, वासरू मात्र रिकाम्या हाताने येते. त्याला जे मिळायचे ते पहिल्या चिकातून. आणि त्याच्या आतड्याची ती दारे साधारण चोवीस तासांत बंद होतात, पहिल्या सहा तासांत सर्वांत जास्त उघडी असतात. आपल्याकडे खरवसाची मागणी मोठी. पहिला चीक शहरात चांगल्या भावाने जातो आणि वासराला उरलेसुरले मिळते. त्या वासराची पुढे खुरकूत-लम्पीत काय गत होते, ते गोऱ्ह्यांचा धंदा करणाऱ्यांनी पाहिलेच आहे. माझे मत असे की पहिल्या दिवशीच्या चिकाचा सौदा गवळी बांधवांनी करूच नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या चिकाचाही खरवस होतो, थोडा पातळ होईल इतकेच.

खरेदीच्या वेळी काय पाहावे? अंगावरच्या डागांना भिऊ नये, ते जुने की ओले एवढे पाहावे. खांद्यापुढील ग्रंथी सुजलेली असेल, ताप १०३ अंशांच्या वर असेल, जनावर रवंथ करीत नसेल, तर सौदा थांबवावा. खुरकुतीतून उठलेली काही जनावरे उन्हात कुत्र्यासारखी धापा टाकतात, अंगावर केस वाढतात. असा बैल औताला लागत नाही, अशी गाय दुधाला पुरी येत नाही. म्हणून सकाळच्या थंड वेळी नव्हे, दुपारच्या उन्हात थोडे चालवून पाहावे. कानातला बारा अंकी टॅग पाहून लसीची नोंद विचारावी. राज्यात २०२४ पासून टॅगशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही.

एका गोष्टीविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. बाजाराच्या आदल्या दिवशी आजारी जनावराला स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊन ‘तरतरीत’ करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्याने ताप उतरतो, सूज उतरते, जनावर चारा ओढते. पण तेच औषध उरलासुरला पहाराही झोपवते, आणि महिने भरत आलेली गाय गाभडू शकते. असे जनावर विकणे हा ऐब लपवणेच आहे, मग तोंडाने काही खोटे बोललो नाही असे कोणी कितीही म्हणो. डॉक्टर स्वतः काही रोगांत हे औषध देतात, ती गोष्ट निराळी.

लसीबद्दलही गैरसमज आहे. आज टोचून उद्या बाजारात नेले तर उपयोग नाही, असर यायला दोन-तीन आठवडे लागतात. तापलेल्या किंवा नुकत्याच आजारातून उठलेल्या जनावराला लस टोचू नये, कारण ज्या पेशींनी ओळख करून घ्यायची त्याच कामावर नसतात. ते कधी सावरले हे पशुवैद्यकाला विचारावे. घटसर्प-फऱ्याची लस पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, झालेली असावी. नवे जनावर आणल्यावर निदान तीन आठवडे वेगळे बांधावे, लम्पीची साथ असेल तर चार. एवढी मुदत सौद्यात धरली, इसार देऊन बाकी रक्कम महिन्याने ठरवली, तर दोघांचीही सोय होते. आमच्या कापडाच्या धंद्यात रंग जाणारा माल परत घेण्याची बोली असते, तशीच ही समजावी. अशा बोलीवर चालणारे दलाल आहेत आणि त्यांच्याकडे गिऱ्हाईक टिकते.

नालबंद बांधवांचा हात दिवसात कितीतरी बैलांच्या खुरांना लागतो, आणि खुरकुतीचा विषाणू खुरांतच असतो. दोर, सांडशी, रापी एका बैलावरून दुसऱ्यावर तो सहज नेतात. धुण्याचा सोडा या विषाणूला मारतो. दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम सोडा घालून हत्यारे आणि चपला त्यात बुडवाव्यात. खर्च चहापेक्षा थोडा जास्त येईल. हीच गोष्ट शिंगे साळणाऱ्यांची आणि दूध काढायला घरोघर जाणाऱ्यांची. लम्पी मात्र मुख्यतः चावऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत जातो. त्यासाठी गोठ्याची फवारणी आणि जनावरागणिक वेगळी सुई हाच उपाय.

चामड्याच्या धंद्यातील बांधवांसाठी शेवटची बाब. लम्पीच्या खपलीत विषाणू महिनाभर किंवा त्याहून जास्त टिकतो, नुसत्या वाळवलेल्या कातड्यात निदान अठरा दिवस. अशा जनावराचे कातडे उतरवूच नये, गाठींमुळे त्याला भावही येत नाही. मृत जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे लागते. त्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकाला कळवून पंचनामा करून घ्यावा. २०२२ मध्ये शासनाने लम्पीत दगावलेल्या दुभत्या गायीसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये साहाय्य ठेवले होते. ज्याने घाईने परस्पर पुरले त्याच्याजवळ कागद नव्हता. यापुढे साथ आली तर साहाय्याचा हुकूम निघेल की नाही हे त्या वेळी कळेल, पंचनाम्याचा कागद मात्र आधीच हातात असला पाहिजे.